आकड्यावरचं कपाट

लायडनमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो त्या जुन्या घराचा जिना इतका अरुंद, की कपाट चढेना. शेवटी सामान हलवणाऱ्या माणसांनी छपराखालच्या लोखंडी आकड्यावरून दोर टाकून ते बाहेरूनच वर ओढायला घेतलं. मी खाली कालव्याकाठी उभी होते. निम्म्यावर वारा सुटला आणि कपाट झुलायला लागलं. ना रस्त्यावर, ना घरात. माझा जीव टांगणीला लागला, आणि तो नुसत्या कपाटासाठी नव्हता.

“लागलं का गं घर?” आईनं पुण्याहून फोनवर विचारलं.

“लागतंय,” मी म्हटलं.

शेजारच्या आजी दारात आल्या. “लग्न होऊन पोर्तुगालहून आले, तेव्हा माझा पियानो असाच वर गेला.”

“मग रुळलात इथे?”

त्या हसल्या. “अजून ठरवते आहे.”

कपाट खिडकीतून आत गेलं. वरून नवऱ्यानं हाक मारली, तरी माझा पाय निघेना.