भाऊजींच्या गाडीतली टिकटिक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दातांचे डॉक्टर आहेत. हात इतका हलका, की दाढ निघून वाटीत पडली तरी पेशंट आ वासून बसलेलाच असतो. स्वभाव शांत, बोलणं कमी, शर्ट दोनच रंगांचे. अशा माणसाने पन्नाशी जवळ आल्यावर एके दिवशी दोन सीटची, गडद हिरवी, पोट जमिनीला टेकेल अशी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली, तेव्हा मला वाटलं कुणी पेशंट आलाय. भाऊजी म्हणाले, "तशी जुनीच आहे." वाटेत सापडलेलं मांजराचं पिल्लू घरात आणताना मुलं असंच काहीतरी सांगतात.

गाडीची डिकी पुढे आणि इंजिन मागे, बसणाऱ्याच्या पाठीला लागून. मी शाळेत भूगोल शिकवते. रस्ते मला नकाशात आवडतात. मी तोंडावर विचारलं की दोन माणसं आणि एक पिशवी मावणाऱ्या गाडीचा उपयोग काय. भाऊजी नुसते हसले. ताई म्हणाली, "उपयोगाच्या वस्तू घरात आहेत की. मी आहे, मिक्सर आहे."

शेजारणी त्या गाडीला ताईची सवत म्हणायला लागल्या. ताई म्हणायची, सवत असती तर निदान भांडता आलं असतं. मला मात्र वाटायचं, 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण कुणीतरी या गाडीकडे बघूनच केली असावी.

भाऊजी त्या गाडीचं जे काही करत, ते मी आमच्या घरात कुणा माणसाचं होताना पाहिलेलं नाही. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी टायर गार असतानाच हवा मोजायची. इंजिन सुरू केल्यावर ऑइल पुरतं गरम होईपर्यंत म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा तशी गाडी चालवायची. धुवायला दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं खळबळून घ्यायची. बॅटरी घरी असताना सलाइन लावल्यासारखी चार्जरला जोडलेली. जुनं ऑइल बाटलीत भरून तपासणीला पाठवायचे, त्यात लोखंडाचा कीस किती ते बघायला. ताईची रक्ततपासणी दोन वर्षं राहिली होती. दवाखान्यातला दात बघायचा छोटा गोल आरसा गाडीच्या पोटात घालून ते नटबोल्टांच्या मागची बाजू बघत आणि जुन्या टूथब्रशने तिथली माती काढत. एकदा मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर इंजिनाकडे वाकून सवयीने म्हणाले, "जरा मोठा आ करा."

मी हसले, पण खरं सांगते, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते दुसरीकडे कुठे दिसायचं नाही. दिवसभर लोकांच्या दुखऱ्या तोंडात बघणाऱ्या माणसाला असं काहीतरी हवंच. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, चढून बसले असते.

यात एकच गोम होती. ताई त्या गाडीत कधी बसली नव्हती.

तसं वचन पहिल्याच दिवशी दिलेलं होतं. शहराबाहेर डोंगरातून जाणारा वळणांचा रस्ता आहे, त्याच्या माथ्यावर तळं आहे. लग्न ठरल्यावर दोघं तिथे भाऊजींच्या स्कूटरवर गेली होती. "तुला तळ्यावर नेतो," भाऊजी म्हणाले, "फक्त जरा नीट होऊ दे." मग ब्रेक नीट झाले. ते झाल्यावर क्लच. क्लच झाल्यावर पुढच्या चाकाची बेअरिंग. प्रत्येक वेळी ताई पर्समध्ये रुमाल टाकून तयार, आणि प्रत्येक वेळी भाऊजी, "अजून मनासारखी नाही गं." शेजारची नव्याने मढवलेली सीट इतकी कोरी राहिली, की तिच्या चामड्यावर भाऊजी मलम लावत तेव्हा ते मुरायलासुद्धा कुठे भेग नव्हती.

अशी वर्षं गेली आणि सगळं एकदाचं मनासारखं झालं. त्याच आठवड्यात ती टिकटिक सुरू झाली.

गाडीने वेग घेतला की पाठीमागून बारीक आवाज. टिक, टिक, टिक. जोर वाढवला की जलद, कमी केला की बंद. नेमका इंजिनाच्या बाजूने. भाऊजींचा चेहरा उतरला. इंजिनात आतलं काही सैल झालं असेल तर वळणावर गाडी जाम होईल, आणि शेजारी ताई असेल. तळं पुन्हा पुढे ढकललं.

मग शोधाशोध. सीटच्या मागचं झाकण काढलं, स्टेथोस्कोप लावला, व्हॉल्व्हची फट मोजली, पट्टे बदलले, इंजिन ज्यावर बसतं ती रबरं बदलली. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला कितीही जोर दिला तरी आवाज यायचा नाही. रस्त्यावर निघाले की हजर. शेवटी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री अशाच गाड्या दुरुस्त करणारे, भाऊजींचे जुने दोस्त आणि तितकेच हट्टी. ते शेजारी बसले, दोघं बायपासवर जाऊन आले. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री चालवायला, भाऊजी शेजारी. आवाज नाही. गाडी कुणाच्या एकट्याच्या हाती द्यायची नाही हा भाऊजींचा नियम, त्यामुळे मिस्त्रींना आवाज कधी ऐकूच आला नाही.

"डॉक्टर, आवाज गाडीत नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग कुठे आहे?"

"ते कानाच्या डॉक्टरांना विचारा."

झालं. इतक्या वर्षांची दोस्ती, पण चार महिने बोलणं बंद. मी भाऊजींना म्हटलं, तुमच्याकडे नाही का लोक येत, रात्रभर दाढेने रडतात आणि दवाखान्याची पायरी चढली की दुखायचं थांबतं, तसं असेल. म्हणाले, "हो, पण दाढ किडलेलीच असते ना."

त्यांनी इंजिन खाली उतरवलं. एकदा नाही, दोनदा. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय ते आम्ही त्या हिवाळ्यात पाहिलं. गॅरेजच्या जमिनीवर जुन्या चादरी अंथरून त्यावर नट, पाती, नळ्या ओळीने मांडलेल्या, आणि मधे भाऊजी मांडी घालून. सगळं साफ केलं, सगळं परत जोडलं, एकटेच चक्कर मारायला गेले आणि परत आले ते जिन्यातच बसले. ताईने बूट काढायला मदत केली.

त्यानंतर ते गॅरेजमध्ये जाईनासे झाले. जेवताना घास हातात धरून कान देऊन बसत. आणि एका संध्याकाळी म्हणाले, "विकतो."

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

घाटापलीकडच्या गावातला एक कापडवाला गाडी बघायला आला. तोही असाच वेडा. त्याने चालवली, भाऊजी शेजारी बसले, आणि अर्थातच गाडी मांजरीसारखी गुरगुरत गेली आणि आली. भाऊजी प्रामाणिकपणे सांगत होते, "हिच्यात एक आवाज आहे, मला सापडत नाही." कापडवाला ताईच्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, यांना सोडवत नाहीये म्हणून सांगतायत ना?" रविवारी गाडी त्याच्या दारात पोहोचवायची ठरली.

रविवारी सकाळी भाऊजींनी शेवटची हवा मोजली. मी ताईची साधी गाडी घेऊन मागून जायचं आणि त्यांना परत आणायचं, असं ठरलं होतं. इतक्यात ताई बाहेर आली. नवा ड्रेस, पर्स, डोळ्यांवर काळा चष्मा.

"तू हिच्याबरोबर मागून ये," भाऊजी म्हणाले.

"मी यात बसणार आहे."

"अगं, आवाज आहे. वळणावर काही झालं म्हणजे?"

"अहो, नऊ वर्षं मी तुमची गाडी नीट व्हायची वाट बघितली. आता ती जाणार. तळं वाटेत आहे. काही व्हायचं असेल तर दोघांना होऊ दे," ताई म्हणाली आणि दार उघडून आत बसली. म्हणजे बसायला गेली. ती गाडी इतकी खाली, की आधी पर्स गेली, मग ताई, आणि मग बऱ्याच वेळाने तिचे पाय. तिने पट्टा लावला आणि समोर बघत राहिली. मी हसत हसत तिचं दार अलगद लावलं.

आम्ही निघालो. भाऊजी इतके हळू चालले होते, की माझी गाडी मागे कंटाळून गेली. घाट सुरू झाला. दोन वळणं झाली, चार झाली, आणि हिरवी गाडी हळूहळू वेग घ्यायला लागली. मग ती दिसेनाशीच झाली. डोंगरात नुसता तिचा आवाज घुमत होता. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण तो आवाज आजारी गाडीचा वाटत नव्हता.

माथ्यावर पोहोचले तेव्हा तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत ताई एकटीच उभी. हातात पर्स. गाडीचा पत्ता नाही. मी धावतच गेले.

"भांडलात?"

"नाही गं. म्हणाले, उतर. उतरले. गेले."

इतक्यात गाडी परत आली. भाऊजींनी काच खाली केली. "बस," ते ताईला म्हणाले. ती बसली, दोघं गेली, वळून आली. "उतर." ती उतरली. ते एकटे गेले, आले. "बस." तिसऱ्या खेपेला ताई म्हणाली, "अहो, मला आता चक्कर येतेय ती उठाबशांनी."

"आवाज येत नाहीये," भाऊजी म्हणाले. "घरापासून इथपर्यंत एकदाही नाही. तू बसलीस की नाही येत. तू उतरलीस की येतो."

मग ते शेजारच्या सीटवर आडवे पडले, डोकं आत आणि पाय बाहेर, आणि खिशातून दात बघायचा आरसा काढला. बराच वेळ नुसते बूट हलत होते. नंतर आतून एक टिक ऐकू आलं. परत एक.

तो सीटचा पट्टा होता. त्याला आत ओढणारी स्प्रिंग कधीतरी ढिली पडली होती, त्यामुळे शेजारी कुणी नसलं की पट्टा लोंबकळत राहायचा, आणि गाडीने वेग घेतला की त्याचं लोखंडी टोक मागच्या पत्र्यावर आपटायचं. पत्र्यामागेच इंजिन, म्हणून आवाज इंजिनातून आल्यासारखा वाटायचा. कुणी बसलं, पट्टा लावला, की आवाज बंद. ज्या आवाजापायी ताईला गाडीत बसवत नव्हते, तो आवाज ताई बसत नव्हती म्हणूनच येत होता.

भाऊजी बाहेर आले आणि तळ्याच्या कठड्यावर बसले. मी म्हणणारच होते, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्यांचे डोळे बघून तळ्याकडे बघायला लागले. ते ताईला म्हणाले, "मी तुला आधीच आणायला हवं होतं."

"हो," ताई म्हणाली. "आता सरका, मलाही बसू द्या."

कापडवाल्याला तिथूनच फोन केला. तो फार हळहळला, मग जरा चिडला. दिलेला शब्द मोडल्याबद्दल भाऊजींनी त्याच्या सगळ्या घराचे दात जन्मभर फुकट बघायचं कबूल केलं. कापडवाल्याचं घर मोठं निघालं. सध्या दर महिन्याला कुणी ना कुणी घाट उतरून खुर्चीत येऊन बसतं. मिस्त्रींकडे भाऊजी स्वतः गेले, कान धरून उभे राहिले. मिस्त्री पोट धरून हसले आणि म्हणाले, म्हणजे मीसुद्धा या गाडीचा एक पार्टच होतो की.

पट्ट्याचं काय केलं, असं लोक विचारतात. भाऊजींनी तिसऱ्याच दिवशी त्या पत्र्यावर जाड लोकरी कापडाचा तुकडा चिकटवला. जित्याची खोड. आता ताई असो वा नसो, आवाज येत नाही. ते कळल्यावर मला ताईची काळजीच वाटली. आवाज गेला, कारण गेलं, आता हे पुन्हा एकटेच हिंडणार.

म्हणून पुढच्या रविवारी मुद्दाम गेले. दोघं निघायच्या तयारीत होती. शेजारच्या सीटच्या चामड्यावर पहिली सुरकुती पडली होती आणि कडेला चहाचा डाग. गाडीवर बोट उमटलं तर फडकं घेऊन धावणारा माणूस तो डाग बघूनही शांत होता.

"आज कुठे?" मी विचारलं.

"तळ्यापर्यंत," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "नवीन आवाज येतोय. हिच्या बाजूने, आणि ही बसली तरच येतो. त्यामुळे हिला घेतल्याशिवाय शोधता येत नाही."

ते टायरची हवा बघायला वाकले, तशी मी खाली वाकून ताईला हळूच विचारलं, "कसला गं आवाज?"

"मला तर काही ऐकू येत नाही," ताई पट्टा लावत म्हणाली. "पण तू त्यांना सांगू नकोस."