मी लख्ख केलेला ओढा

मी मूळचा चिबा शहरातला, व्हॅक्यूम क्लीनर विकणारा. सायोशी लग्न केलं, तिचं हागा हे आडनाव लावलं आणि या डोंगरात घरजावई झालो. सासरे, किहाची, पन्नास वर्षं सॅलॅमँडर पकडत. वीतभर, पालीसारखा, थंड ओढ्यातला जीव. धुरावर वाळवून चवीने खातात. इथे प्रत्येक घराचा ओढा ठरलेला, दुसऱ्याच्या ओढ्यात कुणी सापळा लावत नाही. सासऱ्यांनंतर आमचा ओढा मला मिळणार होता, पण आधी मी लायक ठरायला हवं होतं.

लायकी दाखवायची मला कोण घाई! सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा आठ दिवस खपून मी ओढा लख्ख केला. शेवाळलेले दगड उचलून काठावर रचले, पाण्यावर झुकलेल्या फांद्या छाटल्या. फोटोसुद्धा काढले.

सासरे काठी टेकत आले.

"जावईबापू, दगड कुठायत?"

"ते काय, ओळीत लावलेत."

"आणि सावली?"

"ती... सरपणात गेली, बाबा."

"अहो, दगडांखाली त्यांची अंडी असतात. ऊन लागून पाणी तापलं की संपलंच सगळं!"

पुढच्या वसंतात चाळीस सापळ्यांत दोनच सापडले. सासऱ्यांनी दोन्ही सोडून दिले आणि सापळे माळ्यावर टाकले. "आता सात वर्षं लावायचे नाहीत." ते एक्याऐंशीचे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोज ते काठावर बसून काठीने दाखवत आणि मी दगड परत ठेवत असे. "तो नाही हो, शेजारचा. शेवाळ वर!" सावलीसाठी रोपं लावली. गावच्या बैठकीत माझं स्वागत ठरलेलं: "हागांचा जावई आला, चपला लपवा, धुऊन ठेवेल!"

चौथ्या वर्षी सासरे अंथरुणाला खिळले. मी धावत येऊन सांगितलं, "बाबा, पिल्लं आहेत! एका दगडाखाली तीन!"

"दगड परत ठेवलात?"

"होता तसाच."

"मग ओढा तुमचा," असं म्हणून त्यांनी कूस बदलली. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडलो. त्याच थंडीत ते गेले.

सात वर्षं गेल्या वसंतात संपली. पिल्लं पुष्कळ दिसतात, पण सापळे लावायला माझा हात होत नाही. गाव म्हणतं, हागांचा जावई आळशी झाला. इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.