आपा आणि सातभाई

बोलता बोलता आपा एकदम बोट वर करायच्या. "थांबा, बघून राहिले मी."

अहमदपूरच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. प्रयोगशाळेमागच्या कडुलिंबावर सातभाईंचं घरटं असे. मधल्या सुट्टीतला आमचा चहा त्याखाली गार व्हायचा.

सातभाई तुम्हीही पाहिले असतील. मातकट, सदा कलकलाट करणारे. अंडी घालते एक जोडी, पण पिलांना भरवतो सगळा थवा.

"दुसऱ्याच्या पिलासाठी राबणारा पक्षी येडा हाय का, मॅडम?" एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं.

"येडा न्हाई. भावाबहिणीचं पिलू जगलं की आपलंबी थोडं रक्त पुढं जातं. असं वागणाऱ्यांचे वंश टिकले, म्हणून ही रीत टिकली."

त्यांची धाकटी बहीण मुरुडला दिलेली. बाळंतपणात ती गेली. आपा तिची तान्ही मुलगी घेऊन अहमदपूरला आल्या. त्यांचं स्वतःचं लग्न ठरलेलं होतं. मुलीसकट नको, असा निरोप आला, तेव्हा आपांनी लग्नालाच नकार कळवला.

"हे तुमच्या सातभाईंसारखंच की," मी म्हणालो.

"न्हाई. तिथं कारण शोधावं लागतं. इथं पोरगी रडून राहिली होती, बस्."

मुलगी त्यांना अम्मी म्हणू लागली. ती बालवाडीत जायच्या वयाची झाली तेव्हा तिच्या वडिलांनी दुसरा निकाह केला आणि ते तिला न्यायला आले. आपा भांडल्या नाहीत. महिन्याभरानं भेटायला गेल्या, तर निघताना मुलगी ओढणी सोडेना.

"आपा, तुम्ही येत जाऊ नका," वडील म्हणाले. "ती रुळत न्हाई."

आपा पुन्हा गेल्या नाहीत. "तिला तिथं ऱ्हायचंय," एवढंच मला म्हणाल्या. त्या वर्षी त्या झाडाकडे पाठ करून चहा घेत.

मागच्या हिवाळ्यात आपा काविळीनं गेल्या. चौथ्या दिवशी मी आपांच्या घरी असताना बापलेक आले. मुलगी आता कॉलेजात जाणारी. चपला न काढता ती दारातच उभी राहिली.

"सर, त्या माझ्या खाला, आईची बहीण, एवढं ठाऊक हाय. पण मी इथं ऱ्हायले होते का कधी?"

मी सगळं सांगितलं. अम्मी म्हणायचीस, तेही.

बाहेरून वडिलांची हाक आली. मुरुडची गाडी सुटायला आली होती. तिनं चपला काढल्या, आत येऊन भिंतीशी बसली. दुसरी हाक आली, तरी ती उठली नाही.