पुकारा झालाच नाही

माझ्या मामाला मी अजून माफ केलेलं नाही. माफीचा अर्ज त्यानं कधी दिला नाही, आणि दिला असता तरी मी तो फेटाळला असता.

मामा शहरात छावणी भागात राहायचा आणि कोर्टात एका वकिलाकडं मुन्शी होता. म्हणजे अर्ज लिहिणं, फायली वाहणं आणि तारखा वाढवून घेणं. या शेवटच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात नव्हता. दोन भावांचा एका आंब्याच्या झाडावरून दावा चालू होता. मामानं त्यात इतक्या तारखा घेतल्या की झाड वाळलं, त्याच्या फळ्यांचं दार झालं, दाराला वाळवी लागली, तरी दावा 'झाड कोणाचं' याच्या पुढं सरकला नव्हता. हे मी शपथेवर सांगते. शपथेवर लोक काय काय सांगतात, ते आता मला रोजच ऐकू येतं.

अजिंठ्याकडच्या आमच्या गावातून अकरावी-बारावीसाठी मी या माणसाच्या घरी येऊन पडले. मला वकील व्हायचं होतं. वडिलांनी बजावलं होतं, "बारावी झाली की सीईटी दे. नंबर लागला तर वकिली शिक, नाय तर वाळूजला कंपनीत लाग. जागा बघून ठेवलीय." एकच संधी होती, आणि तीही मामाच्या ताब्यात. कारण वकिलीतलं सगळं मामाला कळतं, असं आमच्या घराण्याचं मत होतं. मामाचंही होतं.

वकिलीचं कॉलेज बघायला कधी जायचं, हे मी गणपतीपासून विचारत होते. मुलं कशी बसतात, काय शिकवतात, ग्रंथालय केवढं, सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. पण मामाला सवड कोर्टाला सुट्टी असली की. कोर्टाला सुट्टी दिवाळीत. दिवाळीत आम्ही गेलो, तर फाटकाला माझ्या डोक्याएवढं कुलूप आणि स्टुलावर चौकीदार.

"छुट्टी में आए क्या?" तो म्हणाला. "अब क्या देखते? ताला देखो."

मामानं खरंच कुलूप निरखून बघितलं. "मजबूत हाय," मला म्हणाला. "कॉलेज चांगलं दिसतंय."

घरी येऊन त्यानं मामीला सांगितलं, पोरीला कॉलेज दाखवून आणलं.

अभ्यासाचंही तसंच. मी दिवाळीपासून पुस्तक घेऊन बसायची, तर तो म्हणायचा, "आत्तापासून काय वाचतीस गं? आमचे साहेब पुकारा झाल्यावर फाईल उघडतेत. आन् तरी जिंकतेत." साहेब शेवटचे कधी जिंकले होते, ते त्यांच्या पक्षकारांनाही आठवत नव्हतं. मी मामाकडं पाठ करून वाचत राहिले. रागानं पाठ इतकी तापायची की मामीनं तिच्यावर पापड वाळत घातले असते.

परीक्षा मे महिन्यात आली. कोर्ट बंद, म्हणून मामा मोकळा. माझं हॉलतिकीट आणि आधार कार्ड त्यानं स्वतःच्या पिशवीत घातलं.

"मामा, माझ्याजवळ द्या ना."

"पक्षकाराजवळ कागद द्यायचा नसतो. गहाळ करतेत."

केंद्र बीड बायपासच्या एका कॉलेजात होतं. आम्ही तासभर आधी पोचलो, हे मान्य करते. फाटकातून पोरं आत जात होती. मामा समोरच्या टपरीवर बसला आणि त्यानं चहा सांगितला.

"मामा, आत जायचं."

"पुकारा होऊ दे."

कोर्टात शिपाई दारात येऊन नाव घेऊन तीनदा ओरडतो. त्याच्या आधी आत घुसलं की साहेब लोक चिडतात. हे मामाचं तीस वर्षांचं ज्ञान.

"इथं पुकारा नसतो, मामा! साडेआठला फाटक बंद होतं, हॉलतिकिटावर लिहिलंय."

"लिव्हलेलं लई असतं. कोर्टात साडेधाचं लिव्हतेत, साहेब बारा वाजता येतेत. बस खाली. नाव घेतल्याबिगर कोण आत जातं का? इज्जत हाय का नाय?"

मी पिशवी ओढली. त्यानं ती मांडीखाली घेतली. मी ओरडले, टपरीवाला हसला, मामानं दुसरा चहा सांगितला. तो बशीत ओतून फुंकत असतानाच समोर फाटक लागलं.

मग मात्र मामा धावला. गार्ड जाळीमागून म्हणाला, "बंद मतलब बंद, चचा."

"पुकारा कुठं केला तुमी? बिगर पुकाऱ्याचं गैरहजर कसं लावता?"

"पुकारा क्या होता?"

मामानं पिशवीतून कोरा कागद काढला, गार्डाच्या फाटकावरच टेकवून तारीख वाढवून मिळण्याचा अर्ज लिहिला, खाली सही केली आणि जाळीतून आत सरकवला. गार्डानं त्यावर वडापाव ठेवला.

परतीच्या रिक्षात तो मला म्हणाला, "पुढची तारीख मिळंल. घाबरू नको." मी रिक्षावाल्याला पुढच्या सीटवर जागा मागितली.

आठ दिवसांत मी वाळूजला पॅकिंगला लागले. वर्षभर सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये पुस्तक वाचलं. त्या बसला इतके हादरे बसायचे की कलम पाच वाचायला घेतलं तर नजर कलम नऊवर पडायची. पुढच्या सीईटीचा फॉर्म मी भरला, हॉलतिकीट मी आणलं आणि तांदळाच्या डब्यात लपवलं. घर मामाचंच होतं, त्यामुळं तो सारखा विचारायचा, "तारीख कधीची हाय?"

मी सांगितली, "सोमवारची."

त्या सोमवारी तो सकाळी सातला धुतलेला सदरा घालून, काखेत पिशवी मारून दारात उभा राहिला. मी चुलीपाशी बसून भाकरी खात होते.

"ऊठ की. परीक्षेला जायचंय."

"ती मागच्या सोमवारी झाली."

"आन् मला कसं नाय सांगितलं?"

"पुकारा तीनदा झाला, मामा. तुमी गैरहजर होता."

मामी पदर तोंडात धरून आत पळाली. मामानं काखेतली पिशवी खाली ठेवली, आणि सवयीनंच त्याच्या तोंडून गेलं, "मग आता पुढची तारीख?"

मी दुसरी भाकरी घेतली.