चुलतभावाच्या दारासमोर

नागपुरात घर घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्यापुढे दोन जागा होत्या. पूर्वेला नंदनवन आणि पश्चिमेला प्रतापनगर. दोन्ही वस्त्या नव्या आणि चांगल्या. आसगावसारख्या धानाच्या गावातून आलेल्या माणसाला यांपैकी कुठेही घर मिळालं असतं, तरी गावात त्याचं नाव झालं असतं.

मी तेव्हा वरठीच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि भंडाऱ्यात भाड्यानं राहत होतो. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच होते. मुलांच्या शिक्षणासाठी नागपूर गाठायचं, एवढं पक्कं होतं.

कोणत्याही शहाण्या माणसानं नंदनवनच घेतलं असतं. इतवारी स्टेशन तिथून सायकलीच्या टप्प्यात, म्हणजे वरठीला जाणं सोपं. भंडाऱ्याकडची एसटी जवळच थांबायची. बायकोची बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. आम्ही जागा पाहायला गेलो, तेव्हा मी आणि बायको खोल्या मोजत होतो आणि बाबा दिसेनात. पाहतो तर शेजारच्या ओट्यावर बसून आमच्याच भागातल्या अड्याळच्या कोण्या म्हाताऱ्याशी यंदा तलाव भरला की नाही, यावर बोलत होते. परतताना म्हणाले, "इथंच घे बाबू. इथं मानसं बोलतेत."

मी प्रतापनगर घेतलं. कारण त्या घराच्या समोर माझा चुलतभाऊ राहत होता.

हा चुलतभाऊ माझ्याहून मोठा. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हा बाबांनी त्याला आमच्या घरात आणलं. पवनीच्या शाळेत सायकलच्या दांडीवर बसवून नेलं, शिकवलं. तो शिकून सरकारी साहेब झाला आणि प्रतापनगरात घर बांधून राहिला. याबद्दल मला कधी राग नव्हता. राग पुढच्या एका गोष्टीचा.

आमच्या घरची एक रीत होती. नव्या धानाचा पहिला तांदूळ भावकीच्या घरी जायचा, आणि तो घरातल्या थोरल्या माणसानं स्वतःच्या डोक्यावरून न्यायचा. गडी चालत नाही, हमाल चालत नाही. भावकी समोरच्या गल्लीत होती तोवर ही रीत सोपी होती. पुतण्या नागपूरला गेला तरी बाबांनी ती सोडली नाही. एसटीनं यायचे, सायकलरिक्षानं कोपऱ्यापर्यंत यायचे, आणि तिथून पोतं डोक्यावर घेऊन त्याच्या दारात जायचे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी मी त्यांच्यासोबत होतो. पोतं डोक्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, असे बाबा पुढे आणि मी मागे. चुलतभाऊ गेटाशी शेजाऱ्यांबरोबर गप्पा मारत उभा होता. शेजारच्या बाईंनी बाबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय साहेब, गावाकडचा गडी आला वाटतं? तांदूळ छान दिसतोय. आमच्यासाठीही आणायला सांगा ना त्याला."

चुलतभाऊ हसला. "सांगतो ना," म्हणाला. मग बाबांकडे न बघता, "मागच्या दारानं घ्या."

बाबा मागच्या दारानं गेले. मीही गेलो. आतल्या खोलीत चुलतभाऊ बाबांच्या पाया पडला, पण आधी त्यानं दार लोटून घेतलं होतं.

परतीच्या एसटीत बाबा म्हणाले, "लोकायसमोर त्याले जमलं नसन." पण त्या दिवसापासून मी मनात एक वाक्य घडवायला घेतलं. कारखान्यात काम करताना, जेवताना, मुलांचा अभ्यास घेताना ते मी पुन्हा पुन्हा घासत होतो. 'हे माझे वडील. साहेबांचे सख्खे काका. यांनीच साहेबांना वाढवलं.' हे वाक्य त्याच गेटाशी, त्याच लोकांसमोर, तो उभा असताना म्हणायचं होतं. त्याचं तोंड कसं उतरेल हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, सगळे पाहुणे जमतात, सोयरिकी जुळतात, नाटक होतं. घर शोधत होतो त्या वर्षी चुलतभाऊही मंडईला आला होता. पान लावता लावता म्हणाला, "आमच्या समोरचंच घर विकायला निघालंय. मालक मुलाकडे पुण्याला चालले. पण ते तुझ्या कामाचं नाही. तू आपलं नंदनवन बघ. तिकडे तुमची सगळी भंडाऱ्याची मंडळी आहेत."

'तुमची' म्हणाला तो. मी तिथेच ठरवलं.

बायकोला मी सांगितलं, तिकडच्या शाळा चांगल्या आहेत. ती म्हणाली, "शाळा इकडं बी हाये. स्टेशन कुठं, प्रतापनगर कुठं! अवो, राहाचं हाये का भांडाचं हाये तिथं?"

"तुला काही समजत नाही," मी म्हणालो.

"मले समजते म्हनून तं इचारून राहिली."

बाबा एवढंच म्हणाले, "तुले राहाचं हाये, तू ठरव." त्यांनाही तिथे राहायचं होतं, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं, मी ते बाजूला सारलं.

वास्तूचा मुहूर्त मी मुद्दाम धान निघाल्यानंतरचा धरला. गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन जेवणाचं आमंत्रण दिलं. माझे वडील कोण, हे कुणालाही सांगितलं नाही. आसगावहून भावकी मेटॅडोरनं आली. अंगणात मांडव, पंगतीत सगळी गल्ली. समोर गेटाशी चुलतभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून उभा. इतकं सगळं माझ्या मनासारखं जमून आलं होतं.

मी बाबांना आत नेलं आणि तांदळाचं पोतं दाखवलं. "पहिला तांदूळ आता या घरातून निघाला पाहिजे, बाबा. समोर न्यायचा आहे."

"आज? इतक्या लोकायत?"

"रीत हाये ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "रीत हाये," म्हणाले. पोतं मीच त्यांच्या डोक्यावर ठेवलं. त्यांची मान किंचित हलली ती मला हाताला जाणवली.

ते निघाले. मी मागे, माझ्यामागे गावचे लोक. पंगतीतली माणसं वळून पाहू लागली. चुलतभावाचा चेहरा उतरला. मी कल्पना केली होती त्याहूनही जास्त उतरला, आणि मला इतका आनंद झाला की छाती दुखली. त्या शेजारच्या बाई हात धुऊन येत होत्या. त्या थांबल्याच.

"अगंबाई, हे तर साहेबांकडचे! तांदूळ घेऊन येतात ते. तुमच्याकडेही हेच काम करतात का?"

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं.

माझ्याआधी पोत्याखालून बाबा बोलले. "हो बाई, मीच तो. साहेबायच्या घरचा जुना गडी. लहानपनी खांद्यावर खेळवलं त्यायले."

आमच्या गावची एक काकू "अवो भाऊजी, हे का..." असं काही बोलणार होती. बाबांनी नुसतं पाहिलं, ती गप्प झाली. मग ते चुलतभावाच्या घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले.

चुलतभाऊ बोलला नाही. आताही त्याला बोलता आलं असतं. आणि मी? मी खरं सांगितलं असतं, तर सगळ्या गल्लीसमोर बाप खोटा पडला असता. मी ओठ मिटले. पहिल्यांदा तो गप्प राहिला होता, या वेळी आम्ही दोघंही गप्प होतो. दोन भाऊ, एका गेटाच्या दोन बाजूंना.

पाहुणे गेल्यावर मी बाबांवर चिडलो. "असं कायले बोलले तुमी?"

बाबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. "त्याले मी वाढवलं. मी त्याचं नाक कापू? तुले कापाचं होतं तं तुया हातानं कापाचं होतं. माह्या डोक्यावर ठेवून काहून?"

मी मांडवातल्या पत्रावळी गोळा करायला लागलो.

शिक्षा पुढे सुरू झाली. बाबा एकदा बोलले ते बोलले. प्रतापनगरात ते आता गडीच होते. कुणी विचारलं, "बाबा, आमचं गवत काढून द्याल का?" की ते खुरपं घेऊन जायचे. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "बसल्या बसल्या का करू? बोलाले बी कोनी नाई." आणि एक दिवस मी कामावरून आलो, गेटाशी दोन शेजारी उभे होते, तेव्हा बाबांनी माझी सायकल धरली आणि म्हणाले, "या साहेब."

मी तिथेच उभा राहिलो. समोरच्या व्हरांड्यात चुलतभाऊ पेपर वाचत होता. त्यानं पेपर जरा खाली केला. मी ज्याला खाली पाहायला लावणार होतो, तो माझ्याकडे पाहत होता.

बायकोनं त्या दिवशी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाली, "नंदनवनात एक घर भाड्यानं हाये. बहिनीनं पाहून ठेवलं."

आम्ही प्रतापनगरचं घर विकलं. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा चुलतभाऊ बाहेर आला नाही. त्याच्या खिडकीचा पडदा हलला, एवढंच. मी मोठ्यानं, तिथे ऐकू जाईल असं, एकदा "बाबा, चला" म्हणालो. माझा सगळा सूड शेवटी एवढाच उरला होता, आणि गल्लीत त्या वेळी कुणी नव्हतं.

नंदनवनात सामान उतरवताना शेजारचा माणूस हातभार लावायला आला. ट्रकमधून हळूहळू उतरणाऱ्या म्हाताऱ्याला त्यानं हात दिला आणि माझ्याकडे पाहत त्यांना विचारलं, "तुमी यायचे कोन?"

"बाप हाये मी याचा," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. मग लगेच त्याला विचारलं, "तुमचं गाव कोनतं?"

बाबा तिथे पुढे बरीच वर्षं राहिले, ओट्यावर बोलत. मी त्यांचा अपराधी आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. पण सगळं लिहायचं ठरवलं आहे, तर हेही लिहितो. 'बाप हाये मी याचा' हे बाबा बोलले तेव्हा ऐकायला चुलतभाऊ तिथे नव्हता, याची खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.