अण्णाच्या खिशातली तूर

सकाळी नांदेडला कुकर लावत होते तेव्हा वहिनीचा फोन आला. "सुमनताई, तुमचे अण्णा गेले हो," एवढंच बोलली आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. अण्णाच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं… लातूरला पोचले तर दारातच दोघं-तिघं बोलत होते, "सिगारेटनंच नेलं बघा." रडणं बाजूला राहिलं आणि माझं डोकंच फिरलं. "सोडली होती त्यानं," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला माहीत न्हाई त्यानं गप बसावं." महिना होत आला, तो राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

माझा मोठा भाऊ शिवकांत, आमचा अण्णा, लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकान चालवायचा. सोयाबीन, तूर, हरभरा. लिलाव संपला, सौदा तुटला, म्हणजे भाव पक्का ठरला, की खुर्चीत बसायचं, समोरच्या टपरीवरून चहा यायचा आणि चहाबरोबर सिगारेट. वर्षानुवर्षं हाच क्रम. शेजारचे आडते मन्मथआप्पा त्याचे जिवलग. काडी एकाची, सिगारेटी दोघांच्या. सोडायची म्हणून अण्णानं किती शपथा घेतल्या, गळ्यातल्या लिंगाला हात लावून घेतल्या, आणि प्रत्येक शपथ पुढच्या सौद्याला मोडली. मग एकदा मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला निलंग्याला गेला आणि चांगला पंधरवडाभर राहिला. तिथून त्याचा फोन, "सुमे, सुटली बग! आठवणसुद्धा झाली न्हाई." मी येडी, गल्लीत पेढे वाटले. लातूरला परतल्यावर पहिलाच सौदा तुटला, अण्णा खुर्चीत बसला, चहा आला… आणि अर्धी ओढून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्या तोंडात सिगारेट आहे. फोनवर त्याचा आवाज रडवेला झाला होता. म्हणाला, "मी निलंग्यात सुटलो होतो गं, लातुरात न्हाई. मला नको असती, ह्या खुर्चीलाच पाहिजे असती."

मग काय, सल्ला द्यायला गाव गोळा. दुकान काही दिवस बंद ठेवा, चहा सोडा, यार्डातून दुसऱ्या रस्त्यानं जा. अण्णा भडकला. "दुकान माझं, खुर्ची माझी, चहा माझा. मी का उठू? तिनं उठावं." हा आमचा अण्णा! पण हट्टी असला तरी खुळा नव्हता. सौदा तुटला की हात आपोआप खिशाकडं जातो हे त्यानं हेरलं. हात जाणारच, तर जाऊ दे, पण तिथं पाकीट नको. त्यानं खिशात मूठभर तूर भरून ठेवली. तलफ आली की हात खिशात घालायचा आणि ढिगातला माल पारखावा तसे दाणे चोळत बसायचं. खर्र खर्र आवाज यायचा. लोक हसले. वहिनी धुण्यात तूर निघते म्हणून वैतागली. सुरुवातीला त्यानं खुर्ची टपरीकडं पाठ करून ठेवली होती. वर्षभरानं एका सकाळी स्वतःच उचलून पुन्हा टपरीसमोर मांडली. "आता बसू दे समोरासमोर," म्हणाला.

एकदा मला नांदेडला सोडायला आला होता. लोह्याला एसटी थांबली, माणसं उतरली, स्टँडवर धूर सुरू झाला. शेजारी खर्र खर्र ऐकू आलं. मी विचारलं, "आली का?" "आली की. लोह्याला येतीच ती." "मग?" "मग काय? यायची तशी जाईल. मी तिला बस म्हणलो न्हाई." खिशात तूर आल्यापासून त्यानं एकदाही ओढली नाही. आता कुणी म्हणेल, जुना धूर आत राहिलाच होता. असेल. डॉक्टरांनी सांगितलं तर ते मी ऐकून घेईन. पण सिगारेटनं नेला म्हणू नका. रोज तिच्यासमोर बसून जो जिंकला, त्याची जीत तो मेल्यावर तिच्या पदरात घालायची? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही समाधीवर दूध घालायला गेलो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीबाही ठेवतात, तशी बेल-विभूतीजवळ वहिनीनं पुरणपोळी ठेवली. आणि मन्मथआप्पांनी खिशातून सिगारेटचं कोरं पाकीट काढून ठेवलं. मी ते उचललं आणि कुंपणापलीकडं भिरकावलं. आप्पा ओक्साबोक्शी रडायला लागले, "त्याच्या आवडीचं म्हणून ठेवलं ओ ताई…" "आवड न्हवती, आप्पा," मी म्हणाले, "वैर होतं." माणूस वाईट नाही. मायेपोटीच केलं त्यांनी. तरी मला माफ करवेना.

मागच्या आठवड्यात वहिनीबरोबर दुकानात गेले. राहिलेला माल आप्पाच विकून देत होते. सौदा तुटला, ते आत आले, अण्णाच्या खुर्चीकडं न बघता स्टुलावर बसले. चहा आला. त्यांचा हात खिशाकडं गेला आणि मला बघून तिथंच अडकला. खुर्चीमागच्या खिळ्याला अण्णाचा सदरा अजून टांगलेला होता. मी त्याच्या खिशात हात घातला. बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालेली तूर हाताला लागली. आप्पांचा हात ओढून ती त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"घ्या. त्याच्या आवडीचं पाहिजे होतं ना तुम्हाला?"

आप्पांनी मूठ मिटली. समोर टपरीवर कुणीतरी काडी ओढली, ते तिकडं बघतच राहिले. चहा निवत गेला… आणि मग त्यांच्या मुठीतून खर्र खर्र आवाज यायला लागला.