दादाचं चित्र

माणसांची चित्रं काढणं का सोडलंस, असं चित्रशाळेत मला बरेच जण विचारत. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेई. खरं कारण लिहावं की नाही, हे अजूनही नीट ठरत नाही.

आमचं घर किनाऱ्यावरच्या मुरबे गावातलं, मासेमारीवर चालणारं. शाळेच्या पुढे शिकलेला घरातला मी पहिला. मुंबईला चित्रकला शिकताना वर्गात माझी ओळख हुबेहूब चेहरे काढणारा अशी होती. दुसऱ्या वर्षाला असताना थोरल्या भावाची होडी वादळात फुटली. बाकीचे तिघे पोहून आले. दादा आला नाही. आम्ही एडवणपर्यंत किनारा धुंडाळला आणि शेवटी दर्भाचा पुतळा करून जाळला.

दादाचा एकही फोटो नव्हता. आय म्हणाली, "परक्यांची तोंडं काडतंस ना? मंग माज्या पोराचं काड. वर्षाच्या दिवशी हार कशावर घालू?"

मी बसलो, पण जमेना. वर्गात अनोळखी माणसांकडे तासन्‌तास पाहिलं होतं. दादाकडे तसं कधी पाहिलंच नव्हतं. आठवायचा तो त्याचा खांदा. जाळं ओढताना तो वाकायचा आणि हात झटक्यात मागे यायचा. पण खांद्याला हार कसा घालणार?

दोघे भाऊ एका साच्यातले, असं सगळे म्हणत. म्हणून मी समोर आरसा ठेवला. गाल भरले, ओठावर मिशी चढवली, भुवईवर दादाच्या जखमेची खूण दिली. मला वाटलं, साधलं.

वर्षश्राद्धाला आय हार घेऊन उभी राहिली. शेजारची काकी तसबिरीजवळ वाकली.

"अगो, ह्यो थोरला नाय. ह्यो तुजा धाकटाच हाय, मिशी लावून बसलाय!"

मागे कुणीतरी हसलं. आयचा हात तसाच थांबला. जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत. तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येक दर्यानं नेला," ती म्हणाली, "आनि दुसऱ्याला मी माज्या हातानं धाडत व्हते."

तिने तसबीर उतरवली, एकटीच खाडीवर गेली आणि दगड बांधून ती बुडवली. परत आल्यावर तिने माझा हात आपल्या गळ्यावर ठेवून घेतला. शपथ घातली, की यापुढे कुणाचंही तोंड काढायचं नाही.

मी मुंबईला परतलो. समोर बसवलेल्या माणसाचं शरीर काढायचो, पण डोळ्यांशी आलो की कुंचला खाली ठेवायचो.

"त्याला दिवसभर ताटकळत बसवलंय," शिक्षक म्हणाले, "निदान नाक तरी दे बिचाऱ्याला!"

वर्ग हसला. मी चेहरे गाळले. बिनचेहऱ्याची शरीरं मेल्यासारखी दिसू लागली, तेव्हा तीही गाळली.

पुढच्या सुट्टीत घरी आलो. घिवलीकडे वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. गावातला एक जण तिथून जाड खाकी कागद आणायचा, त्यातला मोठा तुकडा मी मागून घेतला. जमिनीवर पसरून चिंधी काळ्या रंगात बुडवली. काय काढायचं ते ठरवलं नव्हतं. हात आपोआप वाकला, झटक्यात मागे आला, पुन्हा वाकला. खांदा भरून आला तेव्हा थांबलो. कागदावर माणूस नव्हता, फक्त ओढ होती. ती मी ओळखली.

पुढे शिक्षकांनी अशा चित्रांना धाडस म्हटलं. मी मान हलवली. त्यात निम्मी भीती होती, हे त्यांना सांगता आलं नाही.

तो खाकी कागद रंगवला त्या दिवशी आय दारात येऊन उभी राहिली. मग कागदाभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, "ह्यात कुनाचं तोंड नाय ना?"

"नाय."

"नीट बघून सांग."

मी वाकून पुन्हा पाहिलं. "नाय, आय."

वाळल्यावर तिने तो कागद खळ लावून भिंतीवर चिकटवला. हे काय, असं काकीने विचारलं.

"भित्तीला वल आलीय," आय म्हणाली, "ती झाकलीय."

तो दादा आहे, हे मी सांगितलं नाही. ऐकून ती हार आणेल की पुन्हा खाडीवर जाईल, याचा मला भरवसा नव्हता.